न आलेले उत्तर



या मालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापले आहे आणि त्याच ओळीत विषय म्हणून 'संगणकीय माहितीची मागणी आणि तीतील चुका' असे छापले आहे. ती ओळ वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, 'दोन व्याख्यानांची सरमिसळ तर झाली नाही ना?' तशी ती झालेली नाही. विषय माझाच आहे आणि तो मी हट्टाने मागून घेतला आहे. सोप्या भाषेत सांगावयाचे तर विषय असा : एक यंत्र दुसऱ्या यंत्राकडे माहिती मागते, ती माहिती येत नाही, आणि तरीही महिनाअखेर तक्ता काठोकाठ भरलेला दिसतो. रिकाम्या जागी काय भरले गेले, ते कोणी भरले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आकड्यांचा आणि कामगारांचा संबंध काही आजचा नव्हे. १९६३ साली मुंबईत महागाईच्या निर्देशांकावरून केवढे रण माजले होते, हे येथील वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला; निर्देशांक कमी चढला की भत्ताही कमी चढणार. बाजारातली महागाई या आकड्यात उतरत नाही, असे कामगार म्हणत होते. शेवटी सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली आणि कामगारांच्या म्हणण्यात तथ्य निघाले. त्या काळी आकडा माणूस वहीत लिहीत असे. संशय आला तर वही मागता येई, शाई पाहता येई, खाडाखोड दिसे. आज वही नाही, शाई नाही. खाडाखोड मात्र आहे, आणि ती पाहावयाची तर यंत्राची भाषा थोडीबहुत शिकावी लागते.

माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि अलीकडे माझ्या मुलांच्या वयाच्या शिक्षकांकडून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. पण ज्या वस्तूने आमच्या माणसांचा पगार कापला ती वस्तू मी झाकण काढून पाहिली आहे, एवढे मात्र छातीवर हात ठेवून सांगतो.

प्रथम एपीआय म्हणजे काय ते पाहू. आपण रेशन कचेरीत जातो, तलाठ्याकडे जातो, खिडकीसमोर उभे राहतो. आतले कपाट आपल्याला दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. ठराविक नमुन्यात अर्ज द्यावयाचा आणि ठराविक नमुन्यात उत्तर घ्यावयाचे. एपीआय म्हणजे यंत्रांनी यंत्रांसाठी उघडलेली अशीच खिडकी. फरक एवढाच की तेथे चहापाण्याचा प्रश्न येत नाही.

या खिडकीतून जे उत्तर येते त्याच्या माथ्यावर तीन आकडी अंक असतो. १९९६ सालच्या टिपणात या अंकांची जी वर्गवारी दिली आहे ती आजतागायत चालू आहे. दोनशेच्या घरातला अंक म्हणजे काम झाले. तीनशेच्या घरातला म्हणजे 'बिऱ्हाड हलले आहे, पलीकडे जा.' चारशेच्या घरातला म्हणजे चूक मागणाऱ्याची, आणि पाचशेच्या घरातला म्हणजे चूक खिडकीच्या आतल्यांची. हा शेवटचा भेद मला फार मोलाचा वाटतो. ४०० म्हणजे तुमचा अर्जच चुकीचा. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते पटले नाही. ४०३ म्हणजे तुम्ही कोण ते कळले, पण हे तुम्हांला मिळणार नाही. ४०४ आपण सर्वांनी पाहिला आहे : मागितलेली वस्तू येथे नाही. ४२९ हा अंक पुढे, २०१२ साली, यादीत दाखल झाला. त्याचा अर्थ 'किती वेळा विचारता, जरा दम धरा.' ५०० म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे. ५०३ म्हणजे सध्या सेवा बंद आहे, नंतर या. किती वेळाने यावे हेही कधी कधी उत्तराबरोबर लिहून येते. सरकारी कचेरीपेक्षा ही सभ्यता पुष्कळच जास्त, असे म्हणावयास हरकत नाही.

याखेरीज आणखी एक प्रकार आहे आणि त्याला अंकच नसतो. तार तुटली, पत्ता सापडला नाही, अथवा ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. येथे खिडकीवरच्या माणसाने 'नाही' म्हटलेले नसते. आपण खिडकीपर्यंत पोहोचलो की नाही हेच ठाऊक नसते. नकार आणि शांतता या दोन भिन्न वस्तू आहेत. पंचायतीपुढे साक्षीदाराने 'मी पाहिले नाही' असे म्हणणे वेगळे आणि साक्षीदार आलाच नाही हे वेगळे, हे खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळते. यंत्राला ते आपोआप कळत नाही. कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

आता 'आर' या भाषेकडे वळू. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत ही संख्याशास्त्राची भाषा घडविली. दोघांच्याही नावांचे आद्याक्षर आर, म्हणून भाषेचे नाव आर. १९९५ साली त्यांनी ती सर्वांना मोफत खुली केली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. ही भाषा विकत घ्यावी लागत नाही, तिचे पोट उघडून पाहता येते आणि दुरुस्त करता येते. माझ्यासारख्याला ती आवडली याचे पहिले कारण हेच. आज विद्यापीठे, बँका, औषध कंपन्या आणि पगाराचे हिशेब करणाऱ्या कंपन्यांची कार्यालये, सर्वत्र तिचा वापर आहे.

या भाषेत एखादी आज्ञा फसली तर यंत्र थांबते आणि लाल अक्षरांत कारण सांगते. नवशिक्याला याचा राग येतो. मला मात्र हे थांबणे प्रामाणिक वाटते. पायाखालची फळी तुटली आहे असे दिसताच जो सुतार हातोडा खाली ठेवतो तो शहाणा. पण येथे एक गोम आहे. एपीआयच्या खिडकीवर जाऊन माहिती आणण्यासाठी आरमध्ये जी जुनी, लोकप्रिय जोडप्रणाली होती, एचटीटीआर नावाची, ती ४०४ आला किंवा ५०३ आला तरी आपण होऊन थांबत नसे. तिचे म्हणणे असे की, पत्र आले ना? मग माझे काम झाले. पत्रात काय लिहिले आहे ते तुम्ही वाचा. ते वाचण्यासाठी 'स्टॉप-फॉर-स्टेटस' ही वेगळी आज्ञा द्यावी लागे, आणि घाईत ती गाळली तर नकाराचा कागदच माहिती म्हणून पुढे जाई. पुढे निघालेल्या एचटीटीआर-टू या प्रणालीत हा नियम उलटविला आहे. चारशे-पाचशेचा अंक आला की ती स्वतःहून चूक जाहीर करते, प्रत्येक अंकाच्या चुकीला वेगळे नाव देते, आणि खिडकीपर्यंत पोहोचताच आले नाही तर त्यालाही निराळे नाव देते. हा बदल मला वेतन करारातल्या एखाद्या चांगल्या कलमाइतका महत्त्वाचा वाटतो, कारण सावध राहण्याची जबाबदारी त्याने विसरभोळ्या माणसावरून काढून नियमावर टाकली.

मग चूक जाहीर झाल्यावर काय करावयाचे? त्यासाठी आरमध्ये 'ट्रायकॅच' नावाची सोय आहे. तिचा अर्थ असा : हे काम करून पाहा, फसले तर थांबू नकोस, त्याऐवजी मी सांगतो ते कर. सारे पाणी येथेच मुरते. 'मी सांगतो ते' म्हणजे काय? तेथे लिहिणारा काहीही लिहू शकतो. बहुधा तीनांपैकी एक लिहिले जाते आणि या तीन शब्दांतले अंतर मी आपणांस जरा सावकाश दाखवणार आहे, कारण पगार कापला गेला तो याच अंतरात.

समजा, एक कामगार महिन्यात २६ दिवस, रोज ८ तास कामावर आला. हजेरीच्या खिडकीवर २६ वेळा विचारणा झाली. २३ वेळा उत्तर आले, ३ वेळा आले नाही. फसलेल्या ठिकाणी 'शून्य' घाल असे लिहिले असेल, तर बेरीज १८४ तास येते आणि रोजची सरासरी ७.०८ येते. तक्ता पूर्ण, एकही घर रिकामे नाही, आणि तीन दिवसांपुढे शून्य. वाचणारा म्हणेल, माणूस तीन दिवस गैरहजर. फसलेल्या ठिकाणी 'नल', म्हणजे 'काहीच नाही', असे लिहिले असेल, तर आर ते तीन दिवस यादीतून गाळूनच टाकते. तीन वस्तूंच्या ओळीत मधली नल असली की ओळ दोन वस्तूंची होते. सरासरी ८ येते, छान दिसते, पण महिना २३ दिवसांचा होतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. आणखी गंमत म्हणजे सर्वच्या सर्व उत्तरे फसली आणि हाती नल उरला, तर आर त्याची बेरीज शून्य सांगते, तक्रार करीत नाही.

तिसरा शब्द आहे 'एनए'. त्याचा अर्थ 'येथे किंमत आहे, पण ती आपल्याला ठाऊक नाही.' हा शब्द मोठा खट आहे. एनएमध्ये एक मिळवा, उत्तर एनए. २३ दिवसांचे आठ-आठ तास आणि ३ एनए यांची बेरीज मागा, आर म्हणते एनए. 'ठाऊक नसलेले वगळून सांग' अशी स्पष्ट आज्ञा दिल्याखेरीज ती आकडा देतच नाही. पुष्कळांना हा आडमुठेपणा वाटतो. मला विचाराल तर सबंध भाषेत याइतका न्यायी शब्द दुसरा नाही. जे कळले नाही ते कळले नाही म्हणूनच त्याच्या जागेवर बसून राहते आणि पुढच्या प्रत्येक हिशेबाला अडवून विचारते, माझे काय केलेत?

आता प्रत्यक्ष हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण वाटाघाटी चालू आहेत. कारखान्याला दोन दरवाजे. पुढच्या दरवाज्याने कायम कामगार येतात, मागच्याने कंत्राटी. दोन्हीकडे बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र आहे. त्या यंत्राची माहिती बाहेरच्या एका कंपनीच्या संगणकावर साठते, आणि पगाराचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराचा आरमधला कार्यक्रम रोज रात्री एपीआयच्या खिडकीवर जाऊन प्रत्येकाचे तास घेऊन येतो. एका महिन्यात मागच्या दरवाज्याच्या साठएक माणसांचे प्रत्येकी तीन दिवस कापले गेले. हजेरी-बोनस वेगळाच बुडाला, कारण महिन्यात एक खाडा झाला तरी तो मिळत नाही. गैरहजेरीचा पगार कापण्यास कायद्याची मुभा आहे. तेव्हा कागदावर सगळे कसे चोख.

मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी आम्हांला तक्ता दाखविला. 'सिस्टीमला काही कोणाचा राग नाही,' असे ते म्हणाले. आम्ही विचारले, साहेब, साठ माणसे एकाच दरवाज्याची, एकाच तीन तारखांना, एकजात गैरहजर. मग त्या तीन पाळ्यांचे उत्पादन कोणी काढले? त्या तारखांचे उत्पादनाचे पत्रक त्यांच्याच टेबलावर होते आणि त्यातला आकडा नेहमीसारखाच होता. साहेब गप्प झाले, पण 'सिस्टीम' हा शब्द त्यांनी सोडला नाही.

दोन बैठकांनंतर कार्यक्रमाची प्रत मिळाली. आमच्या एका सभासदाची मुलगी संख्याशास्त्रात एम्.एस्सी. करीत आहे, मला आर शिकविण्याचे पातकही तिचेच. तिने कागद चाळला आणि पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली. 'काका, हे वाचा.' त्या ओळीचा अर्थ होता : चूक आली तर तास शून्य धर. कोणती चूक, विचारलेले नाही. पुन्हा प्रयत्न केलेला नाही. कोठे नोंदही ठेवलेली नाही. मग बाहेरच्या कंपनीकडे चौकशी झाली तेव्हा कळले की त्या तिन्ही रात्री मागच्या दरवाज्याच्या नोंदी ज्या संगणकावर साठत होत्या तो दुरुस्तीसाठी बंद होता आणि खिडकीवरून ५०३ हेच उत्तर जात होते. म्हणजे खिडकी प्रामाणिकपणे सांगत होती, 'आज बंद आहे, नंतर या.' ते ऐकणाऱ्याने लिहून घेतले, 'माणूस आला नाही.'

ज्या तरुणाने ती ओळ लिहिली त्याला मी भेटलो. आमच्यातले काही जण त्याच्यावर चिडले होते, परंतु तसे करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे झाले असते. त्याने सांगितले की पगाराची दुसरी प्रणाली रिकामे घर स्वीकारतच नाही. एक घर रिकामे असले तरी सबंध यादी परत पाठविते. सकाळी सातच्या आत यादी गेली नाही तर दंड कंत्राटदाराला, आणि बोलणी त्याला. त्याच्या कंत्राटपत्रात 'यादी पूर्ण असावी' असे कलम होते. 'यादी खरी असावी' असे कोठेही नव्हते. रात्री तीन वाजता कार्यक्रम बंद पडला तर उठून पाहावयास दुसरा माणूस दिलेला नव्हता. अशा जागी बसविलेल्या माणसाकडून शून्याखेरीज दुसरे काय लिहिले जाणार?

तरीही त्याने एक आक्षेप घेतला आणि तो बरोबर होता, म्हणून सांगतो. तो म्हणाला, 'एका चुकीसाठी कार्यक्रम थांबवला तर चारशे जणांचा पगार अडकेल.' त्याला थांबावयास कोणीच सांगत नव्हते. त्याने पुढे जावे, पण फसलेल्यांची चळत वेगळी ठेवावी. आरमध्ये ही सोय अगदी हाताशी आहे. एचटीटीआर-टूला एकदम अनेक विचारणा करावयास सांगून 'चूक आली तरी पुढे चाल' असे बजावता येते. शेवटी यशस्वी उत्तरांची एक चळत आणि फसलेल्यांची दुसरी अशा दोन चळती मागून घेता येतात. 'सेफली' नावाची आणखी एक युक्ती आहे, ती प्रत्येक कामाबरोबर दोन खण देते, एक उत्तराचा आणि एक चुकीचा. तेव्हा काम अडत नाही आणि चूकही लपत नाही. या दोहोंपैकी एकच साधते असे जो सांगतो त्याने आर नीट वाचलेली नाही.

पुन्हा प्रयत्न करण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ५०३ किंवा ४२९ आला तर थोडे थांबून पुन्हा विचारणे योग्यच. एचटीटीआर-टूमध्ये पुनःप्रयत्नाची जी आज्ञा आहे ती मुळात याच दोन अंकांना तात्पुरती अडचण समजते. ४०० किंवा ४०४ आला तर तोच अर्ज शंभर वेळा दिला तरी उत्तर तेच येणार. तेथे अर्ज दुरुस्त करावा. थांबण्याचीही एक रीत आहे. पहिल्यांदा एक सेकंद, मग दोन, मग चार, असे वाढवीत जावयाचे आणि त्यात थोडा यदृच्छेचा कमीजास्तपणा मिसळावयाचा. तो का? तर सर्वांनी बरोबर चार सेकंदांनीच दार ठोठावले तर दार पुन्हा मोडेल. गिरणीचा भोंगा झाल्यावर एकाच फाटकातून सगळी पाळी बाहेर पडताना काय होते ते पाहिलेल्यास हे समजावून सांगावयास नको. किती वेळ वाट पाहावयाची याची मर्यादाही सांगून ठेवावी, नाहीतर यंत्र गप्प खिडकीपुढे ताटकळत बसते.

आणि एक सावधगिरी. नुसती माहिती मागणे पुन्हा पुन्हा करावयास हरकत नाही. पण पैसे पाठव, नोंद कर, अशी आज्ञा असेल आणि उत्तर आले नाही, तर ती आज्ञा पोहोचून कामही झाले असेल आणि फक्त पोचपावतीच हरवली असेल. अशा वेळी डोळे मिटून पुन्हा पाठविले तर पगार दोनदा जातो, आणि मग वसुली कोणाकडून होते हे आपणांस मी सांगावयास नको.

येथवर आपण ज्या चुका पाहिल्या त्या निदान चूक म्हणून ओळखू येतात. काही चुका दोनशेचा अंक कपाळाला लावून येतात. जागतिक बँकेची खिडकी सर्वांना खुली आहे. देशोदेशीचे उत्पन्न, लोकसंख्या, बेकारी असे आकडे तेथून कोणालाही आणता येतात. पण तेथे नसलेल्या निर्देशकाचे नाव मागितले तर माथ्यावरचा अंक २००, आणि आत माहितीऐवजी 'दिलेली किंमत ग्राह्य नाही' अशा अर्थाचा संदेश. पाकिटावर 'सर्व कुशल' आणि आत वाईट बातमी. शिवाय तीच खिडकी, आपण वेगळे सांगितले नाही तर, एका वेळी पन्नासच नोंदी देते. एकूण नोंदी किती आणि पाने किती हे उत्तराच्या आरंभी लिहिलेले असते. ते न वाचता जो पन्नासांवर सरासरी काढतो त्याचा कार्यक्रम कोठेही थांबत नाही, लाल अक्षर उमटत नाही, आणि उत्तर मात्र अर्धवट. म्हणून अंक पाहून भागत नाही. आत काय आले, अपेक्षेइतक्या ओळी आल्या का, हे मोजावेच लागते.

अशा मूक गळतीने केवढा अनर्थ होतो याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. २०२० सालच्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी कोविडच्या रुग्णांची १५,८४१ नावे रोजच्या आकड्यांतून गळाली. कारण काय, तर प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या नमुन्यातील तक्त्यात भरली जात होती आणि त्या नमुन्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही. उरलेल्या ओळी गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर सूचना मिळाली नाही. कोणी मुद्दाम लपविले असे नव्हे. जागा संपली हे ओरडून सांगावयाची व्यवस्था नव्हती, इतकेच.

आपल्याकडेही दूर जावयास नको. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी मोबाईलवरील एका प्रणालीतून, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून, घेण्याची सक्ती झाली. डोंगरकपारीत जेथे मोबाईलला रेंज नाही तेथे छायाचित्र वर चढत नाही, आणि चढले नाही तर हजेरी नाही. त्या वर्षी देशातले मजूर दिल्लीला जंतरमंतरवर धरणे धरून बसले, त्यांच्या गाऱ्हाण्यांत हेही एक होते. खोदलेली माती तेथेच पडलेली असते, हो! पण तारेपलीकडे ती दिसत नाही.

मला खटकते ते असे की या सर्व ठिकाणी अज्ञाताला किंमत देताना ती नेहमी एकाच बाजूची दिली जाते. संपर्क तुटला तर हजेरी शून्य धरावयाची. ती आठ तास का धरू नये? काल माणूस आला होता, उद्याही आला, दरवाज्यावर चौकीदार होता, उत्पादन निघाले. मग न कळलेला दिवस त्याच्या बाजूने का मोजू नये? मी असे म्हणत नाही की आठच धरा. आठ हाही न पाहता लिहिलेलाच आकडा. पण शून्य धरणे म्हणजे 'कोणतीच बाजू न घेणे' असे जे भासविले जाते ते खरे नाही. शून्य हा निवाडा आहे आणि तो सुनावणीशिवाय दिलेला आहे.

आम्ही त्या कारखान्यात मागणी केली ती साधी होती. तास लिहिण्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा आणि त्यात उत्तर कसे आले ते लिहा : मिळाले, नकार आला, की संपर्कच झाला नाही. नकार असेल तर त्याचा अंक लिहा, किती वेळा प्रयत्न केला तेही लिहा. जेथे संपर्क झाला नाही तेथे तासांच्या घरात एनए राहू द्या आणि तीन दिवसांच्या आत चौकीदाराची वही व पाळीप्रमुखाचे पत्रक पाहून माणसाने ते घर भरा, भरणाऱ्याचे नाव लिहा. पगाराची प्रणाली रिकामे घर घेत नसेल तर त्या प्रणालीत सुधारणा करून घ्या. तुमच्या प्रणालीच्या हट्टापायी आमच्या माणसाचा पगार जाता कामा नये.

कापलेला पगार पहिल्याच महिन्यात परत मिळाला. हजेरी-बोनससाठी आणखी दोन बैठका लागल्या, पण तोही मिळाला. रकाना सुरू झाला आहे. एक गोष्ट अजून अडली आहे. रोज रात्रीच्या विचारणांची पूर्ण नोंदवही युनियनच्या प्रतिनिधीला दाखवावी, ही आमची मागणी व्यवस्थापन मान्य करीत नाही. त्या नोंदीत परवलीचे शब्द असतात, ते बाहेर जातील, असे त्यांचे म्हणणे. भीती खोटी नाही, पण उपाय नाही असेही नाही. एचटीटीआर-टू विचारणेचा तपशील छापताना ओळख पटविणारी गुप्त किल्ली झाकूनच छापते. हे त्यांना आम्ही लेखी कळविले आहे. उत्तर आलेले नाही. स्मरणपत्र दिले आहे, दुसरे पुढच्या आठवड्यात देऊ, आणि बैठक जूनमध्ये आहे. त्या बैठकीत आमच्या बाजूला आर जाणणारी एकच मुलगी आहे आणि तिची परीक्षा त्याच सुमारास येते. आपणांपैकी कोणाच्या घरी संख्याशास्त्र किंवा संगणक शिकणारी मुले असतील तर त्यांना आमच्या कचेरीत पाठवा. ती संध्याकाळी सहानंतर उघडी असते. मानधन नाही, चहा मात्र मिळेल.